तिसरा ताव, सहावा ताव

माझ्या बाबांनी एका कॉमिकचे दोन ताव चुकीच्या जागी शिवले, आणि त्यामुळे धंतोलीतल्या एका गल्लीत आठ महिने त्या कॉमिकचा लेखक फार मोठा माणूस समजला गेला. चूक कुणाची हे फक्त मला माहीत होतं. मी ते कुणालाच सांगितलं नाही, बाबांनाही नाही. त्या वेळी मला हा मोठा शहाणपणा वाटला होता.

बाबा बुक-बाइंडर होते. आमच्या घरात सगळ्या गोष्टी छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या आधीच्या आणि दीक्षेच्या नंतरच्या अशा मोजल्या जात. दीक्षेच्या आधी घरात हातमाग होता. दीक्षेच्या पुढच्या वर्षी बाबा एका छापखान्यात बाइंडिंग शिकायला लागले आणि हातमाग मोडीत गेला. आई मी पाचवीत असताना गेली. तेव्हापासून इंदोऱ्यातल्या दोन खोल्यांत आम्ही दोघेच. पुढची खोली बाबांची. तिथे पुठ्ठे, दोऱ्याची रिळं, आरी, आणि कीड लागू नये म्हणून विषारी मोरचूद घातलेल्या खळीचं पातेलं. त्या पातेल्याला हात लावायचा नाही हा मला मिळालेला पहिला धडा, आणि दुसरा असा की पान जुळवताना बाइंडरशी बोलायचं नाही.

"चोवीस वर्षांत माझं एक पान चुकलं नाई," असं बाबा ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगायचे. कुणी विचारलेलं नसायचं. रिक्षावाल्यालाही सांगायचे. मला लाज वाटायची, पण गोष्ट खरी होती. बाबांना दुसरा कसलाच गर्व नव्हता, त्यामुळे सगळा गर्व या एकाच जागी साठला होता.

धंतोलीत दोन दवाखान्यांच्या मधल्या एका गॅरेजात किरायाची लायब्ररी होती. चालवणारे काका आधी कंपाउंडर होते आणि पुस्तकंही गोळ्यांसारखीच द्यायचे. "हे दुपारी वाचा, हे झोपताना. दोन्ही एकदम नाही." गिऱ्हाईक म्हणजे पेशंटांचे नातेवाईक. यवतमाळ, भंडारा, गडचिरोली, कुठून कुठून आलेले, चार-चार दिवस दवाखान्याच्या बाकावर काढणारे. त्यांना जाड कादंबरी नको असायची, कारण ती संपण्याआधी पेशंटचं काय ते होऊन जायचं. त्यांना कॉमिक लागायचं. बत्तीस पानं, रंगीत, शेवट नक्की. पण या वाचकांच्या हाती कॉमिक आठवडाभर टिकत नसे. चहा, मोसंब्याचा रस, टिंक्चर, सगळं त्याच्यावर सांडायचं. म्हणून नवा अंक आला की काका तो फळीवर ठेवतच नसत. तो आधी आमच्या घरी यायचा. बाबा त्याच्या पिना काढायचे, ताव मोकळे करून पुन्हा जुळवायचे, दोऱ्याने शिवायचे, पुठ्ठा लावायचे, तिन्ही कडा कापायचे. मग अंक भाड्याने जायचा.

मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, बावीस वर्षांची. सकाळची पाळी संपली की शनिवारी शिवलेला गठ्ठा सायकलला लावून मी लायब्ररीत जायचे आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहायचे. गठ्ठा काकांच्या हाती द्यायला लागणारा वेळ दोन मिनिटांचा. उरलेला वेळ मी कॉमिकसाठी द्यायचे, हे मी एक्स्चेंजमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं.

शनिवारी तिथे आमची बैठक भरायची. काका, मी, आणि आणखी दोघं. एक पेंटर. धंतोलीतल्या निम्म्या डॉक्टरांच्या पाट्या त्याच्या हातच्या. डॉक्टरची डिग्री वाढली की याला बोलावणं. दुसरे उमरेडजवळच्या कोळसा खाणीत टाइमकीपर होते. त्यांच्या बायकोचं एक अंग लुळं पडलं होतं. दर शनिवारी ते तिला एसटीने घेऊन यायचे, समोरच्या दवाखान्यात तिचे व्यायाम दोन तास चालायचे, आणि तेवढा वेळ हे लायब्ररीत. आम्ही चौघं कमावती माणसं कॉमिकवर भांडायचो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. रस्त्यावरचे लोक समजायचे, पेशंटबद्दल बोलत असतील.

कॉमिकातल्या अचाट ताकदीच्या नायकाला आता सुपरहीरो म्हणतात. आम्ही 'पॉवरवाला' म्हणायचो. त्या वर्षी दिल्लीच्या एका नव्या कंपनीने हिंदीत नवा पॉवरवाला काढला. दिवसा विजेच्या खांबांवर चढणारा लाइनमन, बाकी वेळ वांगी रंगाचे कपडे घालून तळहातातून वीज सोडणारा. पहिला अंक बाबांनी शिवला, मी पोचवला, आणि त्याच शनिवारी तो काकांच्या टेबलावर उघडला गेला.

चित्रांवर बोलायचा पहिला मान पेंटरचा. त्याने अंक हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला.

"रेषेचा हात पक्का आहे," तो म्हणाला. "पण पाय काढता येत नाई याले."

"काहून?" काकांनी विचारलं.

"सगळ्या पानाइवर पाय धुरात आहे, नाई तं गवतात. जिथं धूर नाई अन् गवत नाई, तिथं समोर कुत्रं बसवलं."

आम्ही मोजली. तीन कुत्री निघाली. त्यातलं एक धरणाच्या भिंतीवर होतं. धरणावर कुत्रं कशाला चढेल? पेंटरचं म्हणणं मंजूर झालं.

"अन् लाल रंग सरकला," तो पुढे म्हणाला. "पाह्य न, ओठ गालावर गेले."

"पान खाल्लं असंन," टाइमकीपर म्हणाले आणि अंक त्याच्या हातून घेतला. त्यांचा विषय गोष्ट.

त्यांनी तो सावकाश वाचला. मग परत पहिल्या पानावर आले आणि परत वाचला. खाणीत कोण किती वाजता खाली उतरला आणि किती वाजता वर आला याची नोंद ठेवणारा माणूस. क्रम हा त्यांचा धंदाच होता.

"ऐक न गा पेंटर," ते म्हणाले. "हा पुलावरून पडता ट्रक एका हातानं थांबवते. बरोबर? त्याच्या मंग आई त्याचा ड्रेस शिवून राहिली. अन् त्याच्याही मंग याले खांबावर करंट लागते. तं मले सांग, पॉवर कधी आली?"

"करंट लागल्यावर," काका म्हणाले.

"मंग ट्रक कायच्यानं थांबवला?"

बाहेर कुणीतरी एक्स-रे कुठे काढतात ते विचारत होतं.

"हिमतीनं," टाइमकीपरनी स्वतःच उत्तर दिलं. "माणूस आंधी आडवा झाला. पॉवर मंग आली. लेखकाले हेच सांगायचं आहे."

"पण ड्रेस तं घातला होता न ट्रकच्या टायमाले," पेंटर म्हणाला. "शिवला तं नंतर."

"तो जुना असंन. फाटला, म्हून आईनं नवीन शिवला."

पेंटरने ट्रकचं पान पुन्हा डोळ्यांशी नेलं. कोपरापाशी एक आडवी रेघ होती. ती सावली होती की फाटलेलं कापड यावर थोडा वेळ गेला आणि फाटलेलं कापड ठरलं.

मग पुढचा भाग आला. तांब्याचं शिरस्त्राण घातलेला खलनायक धरण फोडतो, पुरात पॉवरवाल्याची आई मरते, आणि तो स्वतःच्या तळहाताच्या विजेने तिची चिता पेटवतो. मग धरणावर मारामारी. मारामारी संपल्यावर पान उलटलं की स्वयंपाकघर, आणि आई त्याच्यापुढे ताट ठेवते आहे. "मत जा, बेटा," म्हणते. त्याच्या पुढच्या पानावर खलनायक बेड्यांत.

"ही तं मेली होती न?" काका म्हणाले.

"मेलीच आहे."

"मंग वाढून कशी राहिली?"

टाइमकीपर जरा वेळ रस्त्यापलीकडच्या दवाखान्याकडे बघत राहिले. "माणूस मेलं की काय लगेच घरातून जाते का, काका?" ते म्हणाले. "हा लढून घरी आला. भूक लागली. तं तीच वाढंन न. दुसरं कोण वाढंन?"

मला ते पान आवडलं नाही. म्हणजे, ते पान मला इतकं आवडलं की मी चहा आणायला उठले. आई गेल्यानंतर कितीतरी दिवस मी दोनच्या जागी तीन ताटं घ्यायचे आणि बाबा एक गुपचूप परत ठेवायचे. एका कॉमिकवाल्याला हे कसं कळलं, असं मला वाटलं.

मी चहा घेऊन आले तेव्हा टाइमकीपर पानं मोजत होते.

"हे असंच नाई झालं," ते म्हणाले. "मोजून पाह्य. समोरून चार पानं सरळ, मंग उलटसुलट. मागूनही शेवटची चार सरळ, अन् त्याच्या आंधी उलटसुलट. समोरून जेवढं, मागून तेवढंच. काट्यावर तोलल्यासारखं. याले डोकं लागते."



बाइंडरच्या घरात वाढलेल्या कुणालाही ते कळलं असतं. कॉमिक म्हणजे आठ ताव, मधोमध दुमडून एकात एक घातलेले. एका तावावर चार पानं; दोन पुढच्या अर्ध्यात, दोन मागच्या अर्ध्यात. म्हणून ताव जागा चुकला की गडबड एकदा होत नाही, दोनदा होते, आणि समोरून जितकी आत तितकीच मागूनही आत. टाइमकीपरना जो लेखकाच्या डोक्याचा पुरावा वाटत होता, तो माझ्या बाबांच्या चुकीचा होता. मी अंक हातात घेतला, मधला दोरा दिसेल असा उघडला आणि बोटाने ताव मोजले. तिसऱ्याच्या जागी सहावा होता आणि सहाव्याच्या जागी तिसरा. पानांचे आकडे खालच्या कोपऱ्यात असतात, पण ते कापले गेले होते. बाबा कडा केसभर कापायचे. या अंकाच्या कडा बोटभर गेल्या होत्या.

"काय झालं वं पोरी?" काकांनी विचारलं.

"काही नाही. चांगलं आहे," मी म्हणाले.

घरी गेले तेव्हा बाबा कामाला बसले होते. खोलीत शंभरचा बल्ब लावला होता. आधी साठचा असायचा. "आजकाल बल्बात दम नाई राहिला," असं ते महिनाभर म्हणत होते. मी त्यांच्या डाव्या हाताशी चहा ठेवला. दहा मिनिटांनी त्यांनी विचारलं, "चहा ठेवून राहिली का वं?" चहा तिथेच होता, साय धरलेला. मी कप उचलला आणि समोर ठेवला.

तेव्हा मी बोलू शकले असते. वाक्यही तयार होतं: बाबा, तिसरा आणि सहावा ताव बदलला आहे. सात शब्दांचं काम. पण मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि चोवीस वर्षं एकही पान न चुकलेला माणूस पंचविसाव्या वर्षी हे ऐकताना कसा दिसेल ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी आत जाऊन भात टाकला. आणि ठरवलं की त्यांना कळू द्यायचं नाही, म्हणजे काही झालंच नाही.

पुढचं सोपं होतं. बाबा संध्याकाळी ताव जुळवून दगडाखाली दाबून ठेवायचे आणि शिवायचे दुसऱ्या दिवशी. मी पहाटे पाळीवर निघण्याआधी उठायचे, दगड बाजूला करायचे आणि एकेक गठ्ठा तपासायचे. पहिल्या महिन्यात दोन चुका सापडल्या. चौथ्या महिन्यात सात. मी त्या नीट करून दगड पुन्हा होता तिथे ठेवायचे, त्याच कोनात. बाबांचा गर्व शाबूत राहिला. "पंचविसावं वर्ष चालू आहे, एक पान नाई," ते दूधवाल्याला म्हणाले. मी आत कणीक मळत होते.

पॉवरवाल्याचा दुसरा अंक आला, तोही याच पद्धतीने जुळवला गेला. म्हणजे मीच जुळवला. शनिवारी टाइमकीपरनी तो वाचला आणि टेबलावर ठेवून दिला.

"लेखक बदलला वाटते," ते म्हणाले.

"काहून?"

"सगळं लाइनीत चालून राहिलं. आंधी होते ते आंधी, मंग होते ते मंग. यात काय आहे? हे तं आमच्या हजेरीच्या रजिस्टरातही असते."

"कुत्री वाढली," पेंटर म्हणाला. "पाच आहे."

मला राग आला, हे मान्य करते. पहाटे पाचला उठून मी तो अंक बिनचूक जुळवला होता आणि माझ्यामुळे लेखक बाद ठरला होता. काका म्हणाले, पहिल्या अंकाबद्दल कंपनीला चिठ्ठी लिहू, म्हणजे जुन्या लेखकाला परत बोलावतील. टाइमकीपरनी हिंदीत मजकूर सांगितला, काकांनी लिहिला. 'आपने मृत्यु के बाद भोजन परोसकर हमें निःशब्द कर दिया,' असं त्यात एक वाक्य होतं. पेंटरने समासात दोन पाय काढले, बोटांसकट, खाली लिहिलं 'नमूना'. मी पाकीट चिकटवलं. दिल्लीत ते वाचून कुणाला काय वाटलं असेल याचा मी कधी कधी अजूनही विचार करते. उत्तर आलं नाही. काका म्हणाले, मोठी माणसं उत्तर देत नसतात.

पहिला अंक मात्र फळीवर कधी राहतच नसे. काका तो देताना सांगायचे, "दोनदा वाचा. पहिल्यांदा समजत नाही." पेशंटांचे नातेवाईक घाबरून दोनदा वाचायचे. टाइमकीपर दर शनिवारी त्यातलं एकच पान काढून बसायचे, ताटाचं. त्यांची बायको आता बोलायची बंद झाली होती. ते त्याबद्दल काही सांगत नसत, पण पान उलटत नसत यावरून कळायचं.

हिवाळ्यात बाबा बाहेर कमी जायला लागले. खळीचं पातेलं दोनदा लवंडलं, दोन्ही वेळा डावीकडे. मला वाटलं, वय. त्यांचं वय पंचेचाळीस होतं. माणसाला जे वाटून घ्यायचं असतं ते वाटतं.

मग एका शनिवारी टाइमकीपर आले ते पिशवीतून काहीतरी काढतच. उमरेडच्या बसस्टँडवर एका स्टॉलवाल्याकडे पहिल्या अंकाची एक न खपलेली प्रत पडून होती. पिना जशाच्या तशा, कोपऱ्यात आकडे.

"हा सरळ आहे," ते म्हणाले. आवाजात काहीच नव्हतं.

दोन्ही अंक टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पेंटरने एकेक पान ताडून पाहिलं. नव्या प्रतीत आधी करंट, मग ड्रेस, मग ट्रक. आधी ताट, मग मारामारी, मग चिता. चितेनंतर खलनायक बेड्यांत, आणि अंक संपला.

"नकली असंन," काका म्हणाले.

"रंग तोच आहे, काका. ओठ तेवढेच सरकले."

टाइमकीपरनी नव्या प्रतीतलं ताटाचं पान उघडलं होतं आणि त्याच्या मागची-पुढची पानं पुन्हा पुन्हा बघत होते. "यात जेवण आंधी आहे अन् मरण मंग," ते शेवटी म्हणाले. "हे तं कोणीही लिहीन." मग ते माझ्याकडे वळले. "तू बाइंडरची पोरगी. तुले समजते यातलं. सांग वं, कोणतं बरोबर?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. खरं सांगितलं तर दोन गोष्टी एकाच वेळी मोडणार होत्या: यांचं ते पान, आणि माझ्या बाबांचं नाव. काका दुसऱ्या दिवशी इंदोऱ्यात आले असते. ओरडले नसते, काकांनी नुसतं विचारलं असतं, आणि तेच वाईट.

"लायब्ररीतलं," मी म्हणाले. "मोठ्या छापखान्यात मशीन घाईत ताव लावतं, चुकतं कधी कधी. हाताने शिवणारा माणूस पान पाहून शिवतो."

शेवटचं वाक्य बाबांचं होतं, शब्दन्‌शब्द. म्हणून बहुतेक ते खरं वाटलं. टाइमकीपरनी मान हलवली, स्टॉलवरची प्रत पिशवीत टाकली आणि आमची प्रत स्वतःकडे ओढून घेतली. पेंटर म्हणाला, "मी तं म्हणतच होतो." तो तसं म्हणत नव्हता. मला इतकं हलकं वाटलं की घरी जाताना मी बर्डीच्या बाजारात थांबून बाबांसाठी संत्र्याची बर्फी घेतली.

त्यानंतर नऊ दिवसांनी बाबांना चौकात सायकल रिक्षाने धडक दिली. कोपर सोललं, कपाळाला खोक पडली. मी एक्स्चेंजमधून धावत आले तेव्हा बाबा रिक्षावाल्याला रागावत होते आणि तो बिचारा सगळ्यांना सांगत होता, "मी घंटी वाजवून राहिलो होतो, बाप्पा. हे माह्याकडेच पाहून राहिले होते." रिक्षा डावीकडून आली होती. पानठेल्यावाला मला बाजूला घेऊन म्हणाला, ताई, या महिन्यातली ही तिसरी धडक.

मी त्यांना धंतोलीत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, बुबुळावर एक छोटं वजन टेकवून डोळ्यातला दाब मोजला. मग समोर बसून म्हणाले, माझ्या नाकाकडे बघा, बाजूने बोट आणतो, दिसलं की सांगा. त्यांनी डावीकडून बोट आणलं. बोट जवळजवळ डॉक्टरांच्या स्वतःच्या कानापर्यंत आलं तरी बाबा शांत बसले होते, बोट यायची वाट बघत. डॉक्टरांनी कागदावर दोन गोल काढले आणि पेनाने काळे करत आणले. एका गोलात मधोमध बारक्या नाण्याएवढं पांढरं उरलं, दुसऱ्यात अर्धं.

"काचबिंदू आहे. यात मधलं दिसत राहतं, कडा जातात," ते म्हणाले. "म्हणून माणसाला कळत नाही. कधीपासून होतंय?"

"झाले असतीन पंधरा दिवस," बाबा म्हणाले.

"आठ महिने," मी म्हणाले.

डॉक्टरांचं पेन थांबलं. मी बाबांच्या डाव्या हाताला बसले होते. मला बघायला त्यांनी अख्खी मान वळवली. मी डॉक्टरांकडे बघत सगळं सांगितलं. पहिला अंक, तिसरा ताव, सहावा ताव, कापलेले आकडे, पातेलं, पहाटेचे गठ्ठे. एकदा सुरू केल्यावर थांबता येईना. डॉक्टरांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी ते म्हणाले, "आठ महिन्यांपूर्वी आले असते तर यातलं बरंचसं वाचलं असतं. औषधाने आता आहे ते राहील. गेलेलं येत नाही." ते हे कठोरपणे म्हणाले नाहीत. नेहमीचं वाक्य असल्यासारखं म्हणाले, आणि त्यांच्यासाठी ते होतंच.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. थेंबांमुळे बाबांना उजेड सोसत नव्हता, म्हणून त्यांनी डोळे मिटले होते. शेजारी कुठल्या तरी गावची बाई मुलाला कॉमिक वाचून दाखवत होती.

"कोणतं पान कुठं गेलं होतं?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. अकरा-बारा आधी आलं, पाच-सहा मागे गेलं. सत्तावीस-अठ्ठावीस पुढे, एकवीस-बावीस मागे. त्यांनी बोटांवर हिशेब घातला आणि मान डोलावली. "आकडा कोपऱ्यात असते," ते म्हणाले. "कोपराच येत नव्हता मले. मी चित्र पाहून लावून राहिलो होतो." मग थोड्या वेळाने, "अन् बाकीचे तू लावले. रोज."

"हो."

"मले काहून नाई सांगितलं वं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा."

त्यांनी त्यावर विचार केला. ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"वाटलं असतं न," ते म्हणाले. "एक दिवस जेवलो नसतो. दुसऱ्या दिवशी इथं आलो असतो."